नाकवाली

सकाळी साडेसहाला ती ओट्यावर यायची, पदर कानांवरून घट्ट ओढून घ्यायची आणि मान वर करून हवेचा वास घ्यायची. एकदा डोंगराकडे तोंड करून, एकदा खाडीकडे. मग मागच्या पाचही खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "आज रंगाची कंपनी." नाहीतर, "आज औषधाची हाय. डोंगराकरच्या खिरक्या उघरू नका." कोणत्या कंपनीचा धूर कोणत्या वाऱ्यावर येतो हे तिला पाठ होतं. आम्ही भाडेकरू बायका नळावर उभ्या राहून एकमेकींकडे बघायचो आणि हसू दाबायचो. तोंडावर तिला मावशी म्हणायचं. पाठीमागं तिचं नाव नाकवाली.

घणसोली गावात, गावठाणातल्या एका अरुंद गल्लीत तिचं कौलारू घर होतं. घरामागं जिथं पूर्वी भाताच्या पेंढ्या रचायचे, तिथं तिच्या मुलानं पत्र्याच्या पाच खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. शेत नव्या शहरासाठी गेलं होतं, मिठागर बुजलं होतं. साठीची बाई, विधवा, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला मच्छीवाली थांबायची. मी तिच्या मधल्या खोलीत लग्न होऊन आले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. माझा नवरा वाशीच्या मार्केटात मिरचीच्या गोदामात वजनकाट्यावर होता.

मावशीला दमा होता, आणि त्या दम्याचं राज्य आम्हा सगळ्यांवर होतं. दत्तजयंती झाली की थंडीचा कायदा सुरू व्हायचा, तो संक्रांतीपर्यंत. खोलीत मच्छर अगरबत्ती लावायची नाही. ऊद-धूप नाही. कोरड्या झाडूनं झाडायचं नाही, आधी पाणी शिंपडायचं. गोधड्या सकाळी वाळत घालायच्या नाहीत, कारण सकाळचा वारा डोंगराकडून, म्हणजे कंपन्यांकडून येतो. दुपारी वारा फिरून खाडीवरून यायला लागला की मग घालायच्या आणि ऊन उतरायच्या आत काढायच्या. मिरची भाजायची नाही, घरात नाही, दारात नाही, कुठंच नाही. एखादीनं विचारलं की "का हो मावशी?" तर ती नुसती त्या बाईच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची आणि सांगायची, "तू काल लसनाची फोडनी जालली." आणि ते खरं असायचं.

एकदा कुणाच्या तरी घरी सत्यनारायण होता. भटजींनी धुपाटणं पेटवलं तशी ती उठली आणि पाण्याचा तांब्या त्यावर ओतून परत जागेवर बसली. भटजी चिडले, देवाचं काम आहे म्हणाले. ती म्हणाली, "देवाला नाक नाय का?" पूजा तशीच, धुपाशिवाय झाली. गावातली पोरं थंडीत संध्याकाळी नाक्यावर शेकोटी करायची, त्यात थर्माकोल, सायकलचे टायर, काय मिळेल ते घालायची. ती रोज एक बादली पाणी घेऊन जायची आणि विझवून यायची. पोरं शिव्या द्यायची. ती शिव्यांना उत्तर द्यायची नाही, कारण बोलण्यात श्वास जातो असं तिचं म्हणणं होतं.

कोपरखैरण्याच्या एका तरुण डॉक्टरनं तिला पंप दिला होता. त्याआधी तिनं काढे पिऊन पाहिले होते, गाढविणीचं दूध पिऊन पाहिलं होतं. पंप तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता. विधवेच्या गळ्यात काळा दोरा आणि त्यात ते निळं यंत्र, यावरून गावात बरंच बोललं गेलं. तिच्या जावेनं एकदा सगळ्यांसमोर टोमणा मारला. ती म्हणाली, "मालक होते तवा श्वास कोंडायचा. आता हा हाय." आणि सगळ्यांसमोर दोन वेळा पंप ओढून दाखवला.

हे सगळं सांगताना ती गमतीची बाई वाटते. ती गमतीची नव्हती. टोकाच्या खोलीत एक जोडपं होतं, सहा महिन्यांचं बाळ असलेलं. खाडीचे डास संध्याकाळी दारात ढगासारखे यायचे. मावशीनं त्यांना स्वतःची मच्छरदाणी दिली होती, पण ती फाटकी होती, म्हणून त्या बाईनं एक दिवस चोरून अगरबत्ती लावली. मावशीनं ऐन थंडीत त्यांचं सामान बाहेर काढायला लावलं. मुलगा म्हणाला, अगं आई, बाळ आहे त्यांचं. ती म्हणाली, बाळाला पण छाती हाय. ते लोक गेले. नंतर त्या बाळाला हिवताप झाल्याचं ऐकलं. मी तिला ते मुद्दाम सांगितलं. तिनं ऐकलं आणि मटकीला पाणी घालत राहिली.

मी मुद्दाम सांगितलं, कारण तोवर मी तिला घाबरायला लागले होते. घाबरण्याचं कारण वेगळं होतं.

मला लहानपणापासून दमा आहे. आमच्याकडं त्याला बाळदमा म्हणायचे, म्हणजे मोठी झाल्यावर जाईल असं. तो गेला नाही. माझं लग्न ठरवताना आईनं तो लपवला. बघायला आलेल्या माणसांना उन्हाळ्यात बोलावलं आणि लग्नही उन्हाळ्यातच उरकलं, कारण उन्हाळ्यात माझी छाती स्वच्छ असायची. निघताना आईनं कागदात गुंडाळून गोळ्या दिल्या आणि कुठं ठेवायच्या, कशा अर्ध्या करायच्या ते सांगितलं. पोटात मूल राहिलं की मग कोणी काही करत नाही, तोवर सांभाळ, असंही सांगितलं. मी एकोणीस वर्षांची होते. मला ते शहाणपणाचं वाटलं.

पावसाळा कसाबसा गेला. थंडी सुरू झाली तशी छाती वाजायला लागली. मी नळावर कळशी भरत होते. कळशी खाली ठेवून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि जरा उभी राहिले, एवढंच. मावशी ओट्यावरून बघत होती. ती खाली उतरली, माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "तुला हाय."

मी म्हणाले, काय?

"कवापासून?"

मी म्हटलं, मला काही नाही. कळशी उचलली आणि खोलीत गेले. पण संध्याकाळी ती पुन्हा आली, आणि मग मी तिच्या पाया पडले. अक्षरशः, जमिनीवर डोकं टेकून. घरी सांगू नका म्हणाले. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? माझं काय जातंय?" पुढं एवढंच म्हणाली की नवऱ्याला तू सांग, दोन शब्द तर हायत. मी पहिलं वाक्य ऐकलं आणि ते वचन म्हणून धरून बसले. दुसरं ऐकलं नाही.

गोळ्या संपल्या तेव्हा ती मला कोपरखैरण्याला घेऊन गेली. माझ्या नवऱ्याला सांगितलं की मला डॉक्टरकडं जायचंय, पिशवी धरायला तुझी बायको नेते. डॉक्टरनं मला तपासलं आणि पंप दिला. कसा हलवायचा, कधी दाबायचा, श्वास किती वेळ धरून ठेवायचा, हे मावशीनं रिक्षात बसल्या बसल्या मला शिकवलं. शिकवताना ती शाळामास्तरणीसारखी कडक होती. "ओढ. धर. मी बोलेन तवा सोड." माझं चुकलं की मांडीवर चापट मारायची. घरी आल्यावर मी तो पंप तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला. ती चिडली. म्हणाली, श्वास अडकल्यावर तू तांदूळ उपसत बसनार काय? मी म्हणाले, दुसरीकडं कुठं ठेवू, एकच खोली आहे.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. अंगावर मिरचीची पूड घेऊन यायचा, डोळे लाल असायचे. त्या थंडीत मावशीनं त्याला नवा नियम लावला. दारात पाऊल टाकायच्या आधी त्यानं नळावर आंघोळ करायची, कपडे तिथंच भिजवायचे. "मिरचीवाल्या, माझ्या छातीत आग लागते," म्हणायची. त्याला वाटायचं म्हातारी स्वतःसाठी बोलते. तो डिसेंबरच्या गारठ्यात कुडकुडत आंघोळ करायचा आणि तिला मनात शिव्या द्यायचा. आणि मी आत दाराआड उभी राहून ऐकायची आणि त्याला काही सांगायची नाही.

नाताळात सासूबाई आणि नणंद आल्या. नणंद पुण्याला असायची, तिच्या दोन मुलांना सुट्टी लागली होती, त्यांना मुंबई बघायची होती. एका खोलीत आम्ही सहा जण. उन्हाळ्यापासून ट्रंकेत दाबून ठेवलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या गोधड्या बाहेर आल्या. मुलं दिवसभर त्यांच्यावर उड्या मारायची, धूळ उडायची. मी चार दिवस जेवढं बाहेर राहता येईल तेवढं बाहेर राहिले. पाणी भर, भांडी घास, कपडे वाळत घाल. सासूबाई नणंदेला म्हणाल्या, पोरगी कामाला वाघ आहे. मला त्याही स्थितीत बरं वाटलं. पंप डब्यात, डबा फळीवर, फळीखाली कायम कोणीतरी बसलेलं. दिवसातून एकदा, सगळे फिरायला गेले की, मी तो काढायची.

सासूबाईंच्या मनात आलं की इथं मार्केटात फुटकी मिरची स्वस्तात मिळते, तर कांदा-लसणाचा मसाला इथंच करावा आणि डबे भरून गावाला न्यावेत. नवऱ्यानं दोन पिशव्या मिरची आणून टाकली. मावशीनं पिशव्या दारात पाहिल्या आणि उभ्या उभ्या सांगितलं की इथं भाजायची नाही. सासूबाईंचं नि तिचं जुंपलं. सासूबाई म्हणाल्या, आमी काय फुकट ऱ्हातोय व्हय? मावशी म्हणाली, फुकट राहा पाहिजे तर, पन भाजायची नाय. सासूबाई त्या दिवशी गप्प बसल्या. पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

सुट्टी संपायला दोन दिवस राहिले असताना मावशी बोनकोड्याला भाचीकडं गेली. ती रिक्षात बसल्याचं बघून सासूबाईंनी स्टोव्ह पेटवला. नणंद लसूण सोलायला बसली, त्या स्वतः खोबरं किसायला बसल्या आणि मिरची भाजायला मला बसवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्याकडं दोन शब्द होते, ते मी तेव्हाही बोलले नाही. पदर नाकाला बांधला. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, मिरचीवाल्याची बायको आणि एवढी नाजूक. बाहेर शेजारी बघतील म्हणून दार लोटून घेतलं होतं. पहिला घाणा उतरला. दुसऱ्या घाण्याला मला उलथनं धरता येईना.

दम लागणं म्हणजे काय, ते ज्याला लागलेला नाही त्याला सांगता येत नाही. हवा असते, सगळीकडं असते, आणि तुमच्यात जात नाही. नणंदेला वाटलं ठसका लागला. तिनं पाणी पुढं केलं. मी हातानं फळीकडं दाखवत होते, त्यांना वाटलं मला साखर हवी आहे. मग मला दिसेनासं झालं.

मावशी काही विसरली म्हणून परत आली की काय, मला माहीत नाही. तिचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशीच तिला वास आला. तिनं दार ढकललं, कढई तशीच पेटत्या स्टोव्हसकट बाहेर सारली, स्वतःच्या गळ्यातला पंप माझ्या तोंडात घातला. दोरा तिच्या गळ्यातच होता, त्यामुळं तिचं तोंड माझ्या तोंडाला लागेल इतकं जवळ आलं. ती स्वतः खोकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ओढ," म्हणाली. "धर." मला धरता आला नाही. "परत." तिसऱ्या की चौथ्या वेळेला थोडीशी हवा आत गेली. मग तिनं मला रिक्षात घातलं. सासूबाई बरोबर आल्या.

डॉक्टरकडं मला वाफेच्या मशीनला लावलं. मधे एक हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडं बाकावर त्या दोघी बसल्या होत्या. मला सगळं ऐकू येत होतं.

सासूबाईंचा आवाज घाबरलेला होता. त्या दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. म्हणाल्या, "ह्या इथल्या हवंनं झालं आसंल न्हवं? कंपन्यांच्या धुरानं?"

एवढं हो म्हणायचं होतं. कंपन्या होत्याच, धूर होताच. रोज सकाळी ओट्यावर उभी राहून हीच बाई त्या धुराच्या नावानं ओरडत होती. मी तोंडाला मास्क लावून बघत होते, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. तिनं ते बाकाखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "नाय. लहानपनापासून हाय. लग्नाच्या आदीपासून. तिच्या आयनं तुमाला सांगितलं नाय."

पुढं काय झालं ते लांबवून सांगण्यासारखं नाही. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. नणंदेनं मुलांना माझ्याजवळून उठवलं, दमा अंगाला लागतो असं तिला वाटत होतं. मिरचीच्या पिशव्या तशाच राहिल्या. नवरा रात्रपाळी करून आला, त्यानं ऐकलं, नळावर आंघोळ केली, आत आला आणि एकच वाक्य बोलला.

"मला तरी सांगायचं होतंस."

त्यानं मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

संक्रांतीनंतर मला औषधपाण्यासाठी म्हणून माहेरी पोचवलं. न्यायला कोणी आलं नाही. आईनं गावात सांगितलं की मुंबईच्या हवेनं पोरीची छाती बिघडली, आता इथं सुधारेल. घरात मात्र रोज घणसोलीच्या त्या मावशीला शिव्या द्यायची. माझी धाकटी बहीण तेव्हा अकरावीत होती. तिलाही दमा आहे. आई शिव्या देत असायची आणि बहीण कोपऱ्यात बसून माझ्या पंपाकडं बघत असायची. दीड वर्षांनी घटस्फोटाचे कागद आले, मी सही केली. त्यानं नंतर दुसरं लग्न केलं.

मी पुन्हा नवी मुंबईत आले. चुलतभावाच्या ओळखीनं ऐरोलीला एका एसटीडी बूथवर बसायला लागले. काचेची केबिन, धूळ नाही, जागेवरून उठायचं नाही. मला ते काम मानवलं. सहा महिने घणसोलीकडं फिरकले नाही. मग एका डिसेंबरात माझी लग्नातली भांडी आणायला गेले. ती नवऱ्यानं खोली सोडताना मावशीकडं ठेवली होती.

जुनं घर नव्हतं. कौलं नव्हती, ओटा नव्हता, मागच्या खोल्या नव्हत्या. तिथं मुलानं चार मजल्यांची इमारत उभी करायला घेतली होती. वाळू, सिमेंटच्या गोण्या, मशीनचा आवाज. खालच्या मजल्यावर प्लास्टर न झालेल्या एका खोलीत मावशीला ठेवलं होतं. खिडकीला चौकट नव्हती, तिनं तिथं गोणपाटं लावली होती आणि ती भिजवून ठेवायची, धूळ अडावी म्हणून. ती लाकडी खुर्चीत बसली होती. मी आत गेले तर मान वळवायच्या आधीच तिला कळलं कोण आलंय.

"श्वास कसा हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बरा आहे.

"पंप?"

मी पर्समधून काढून दाखवला. तिनं मान हलवली. भांडी पलंगाखाली एका पोत्यात बांधून ठेवलेली होती, एकही कमी नव्हतं. मी पोतं ओढून बाहेर काढलं. मग मला राहवलं नाही. दोन वर्षं मनात घोकलेलं वाक्य मी बोलले. म्हटलं, "तुम्ही एक शब्द खोटा बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

तिनं विचार केल्यासारखं दाखवलंही नाही. उत्तर तयार होतं, म्हणजे तिनंही ते मनात म्हटलेलं असणार. "इथल्या हवेनं झाला बोलले असते तर तुला गावाला नेली असती. चांगली हवा म्हनून. दोन महिने जपली असती, मंग इसरली असती. मंग मिरची भाजायला बसवली असती. तिथं मी नसते."

"मी तुमच्या पाया पडले होते."

"परलीस. मी हो बोलले नव्हते."

मला तिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. ती खोकायला लागली. बराच वेळ खोकत होती. वरती कामगार काहीतरी फोडत होते आणि छतातून बारीक पांढरी धूळ पडत होती. तिचा मुलगा दारात डोकावला, मला ओळखलं, हसला. म्हणाला, आईला सांगतोय बहिणीकडं जा थोडे दिवस, ऐकत नाही, तिला सगळ्या जगाचा वास येतो. तो गेला.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "राग हाय?"

"आहे."

"असू दे. राग करायला पन श्वास लागतो." मग खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली, "जाता जाता ती गोनपाटं भिजव. माझा हात पुरत नाय. बादली तिथं हाय."

बादली भरलेली होती. माझ्यापासून चार पावलांवर. मी म्हटलं, रिक्षा थांबली आहे. पोतं उचललं आणि निघाले. रिक्षा थांबलेली नव्हती. नाक्यापर्यंत पोतं ओढत चालत गेले, मग मिळाली.

त्याच थंडीत ती गेली. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं. आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी शिवणकामवाली आता ऐरोलीला राहायला आली होती, ती बूथवर गावाला फोन लावायला आली. म्हणाली, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेली, संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे का, तुम्ही यायच्या आधी मिरचीचा नियम नव्हता. दुपारी वारा खाडीवरून असला की मागच्या अंगणात आम्ही सगळ्या भाजायचो, मावशी स्वतः सुकट भाजायची. तुमचा पहिला हिवाळा आला तेव्हाच तिनं ते बंद केलं, आम्हाला किती राग आला होता. तिचा फोन लागला, ती बोलत राहिली. मी मीटरकडं बघत बसले. तिनं पैसे दिले, मी सुटे परत केले.

पुढच्या नाताळात मी माहेरी गेले. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत शिक्षक, सुट्टी होती म्हणून तेव्हाच यायचं ठरलं, आईला उन्हाळ्यापर्यंत थांबवता आलं नाही. सकाळी आईनं बहिणीला गोळ्या दिल्या, रोजच्या दुप्पट. कमी बोल म्हणाली, विचारलं तेवढंच बोल. मला म्हणाली, तू आतच बस, तुझं त्यांना माहीत नको.

मी आत बसले. बहीण पोह्यांचा ट्रे घेऊन माझ्यासमोरून गेली, तेव्हा तिची छाती वाजत होती. शिट्टीसारखा बारीक आवाज, फक्त मलाच ऐकू येईल असा. बाहेर मुलाच्या आईनं चार प्रश्न विचारले, स्वयंपाक, शिक्षण. मग साधेपणानं म्हणाली, बाकी तब्येत वगैरे ठीक आहे ना. आई म्हणाली, एकदम ठीक. बहिणीनं खाली बघून मान हलवली.

मी उठून दारात गेले. मी काही ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, "तिला दमा आहे. लहानपणापासून."

पाहुणे चांगले होते. त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. बहीण ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती. तिला धाप लागली होती. मी पर्समधला पंप काढून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, "तुझं मोडलं म्हणून माझंही मोडलंस."

मी पंप कट्ट्यावर ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

बहिणीचं लग्न नंतर सोलापूरकडं झालं. मला पत्रिका आली नाही, झाल्यावर चुलतभावाकडून कळलं. तिला एक मुलगी आहे म्हणतात. थंडी पडली की मी चुलतभावाला विचारते, ती कशी आहे. तो म्हणतो, मजेत आहे. तिच्या सासरच्यांना सांगितलंय का, तिच्या उशाशी पंप असतो का, असंही विचारते. तो म्हणतो, तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा, आणि फोन ठेवतो.